मिलिटरी पार्का घेताना: एन-३बी, फिशटेल की गोअर-टेक्स?

पार्का म्हणजे टोपी असलेलं लांब, थंडीचं जॅकेट. ‘मिलिटरी पार्का’ या एका नावाखाली तीन अगदी वेगळे कपडे विकले जातात, आणि त्यांतल्या दोघांची ऊब बाहेरच्या कापडात नसतेच. तेव्हा रंग, खिसे आणि फर बघण्याआधी एवढंच विचारा: ऊब धरणारा थर यात शिवलेला आहे, की तो आतून वेगळा घालायचा आहे?

एन-३बी हा अमेरिकी हवाई दलाचा, १९५० च्या दशकातला. मांडीपर्यंत लांब, बाहेरून घट्ट विणीचं नायलॉन, आत कायमचं शिवलेलं भरण. सुरुवातीला ते लोकरीचं होतं, १९७० च्या दशकात पॉलिएस्टर आलं. एम-५१ आणि एम-६५ हे अमेरिकी भूदलाचे फिशटेल पार्के, मागची कड माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली. बाहेरचं कवच पातळ आणि ऊब बटणांनी जोडायच्या अस्तरात. एम-५१ चं अस्तर जाड लोकरीच्या लवेचं, एम-६५ चं टिपा मारलेलं पॉलिएस्टरचं. तिसरा, १९८० च्या दशकातल्या ईसीडब्ल्यूसीएस या अमेरिकी फौजेच्या थंडीच्या कपड्यांच्या संचातला गोअर-टेक्स पार्का. तो वारा आणि पाणी अडवतो, भरण मात्र अजिबात नाही. (एम-६५ नावाचं आखूड फील्ड जॅकेटही आहे. ते पार्का नव्हे, जाहिरातीत मात्र दोन्हींची सर्रास सरमिसळ होते.)

बर्फाळ वाऱ्यात तासन्‌तास एका जागी उभं राहायचं असेल तर एन-३बी. चढ चढायचा असेल, ओझी उचलायची असतील तर तोच एन-३बी घाम काढतो, आणि थांबलात की ओला सदरा अंगाला गार चिकटतो. तिथे कवच आणि आत काढता-घालता येणारे दोन पातळ थर बरे. शून्याच्या आसपास, पाऊस आणि ओला बर्फ एकत्र पडत असेल तर गोअर-टेक्स निर्विवाद पुढे. फिशटेलचं सुतीमिश्रित कापड अशा हवेत पाणी पितं, जड होतं आणि सावकाश वाळतं. कोरड्या थंडीत मात्र अस्तरासकट फिशटेल छान चालतो. अस्तर हरवलेला फिशटेल स्वस्तात मिळतो तो उगाच नव्हे. एम-६५ ची टोपीही सुटी असते, तीही बऱ्याचदा गायब असते.

एन-३बी च्या जाहिरातीत −५१ अंशांचा आकडा हमखास असतो. तो एकट्या पार्क्याचा समजू नका. त्यात आतले कपडे, जाड विजार, हातमोजे आणि बूट धरलेले असतात. बाजारातले बरेचसे ‘एन-३बी’ तर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. टोपी आणि खिसे हुबेहूब, आत भरण नावापुरतं.

ते ओळखायला हाताची चिमूट पुरते. छाती, पाठ, बाही आणि टोपी अशा चार ठिकाणी कापड चिमटीत धरा, दाबा, सोडा. चांगलं भरण लगेच फुगून येतं. दबलेलंच राहिलं तर त्याचे तंतू मेलेत. बाहीत आणि टोपीत थर छातीपेक्षा बराच पातळ लागला तर कारखान्याने तिथे हात आखडलाय. मग पार्का टेबलावर सपाट पसरा, छातीच्या एका पदरावर हलका पुठ्ठा ठेवा आणि पट्टीने जाडी मोजा. ऊब ‘क्लो’ या एककात मोजतात. २१ अंशांच्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला पुरेल इतक्या कपड्यांची ऊब म्हणजे १ क्लो. साधारण १ सेंटिमीटर जाडीमागे दीड क्लो धरा. टिपांपाशी थर चेपलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमीच मिळतं. वजनावरून मात्र अंदाज बांधू नका. ऊब देते ती थरात अडकलेली स्थिर हवा, आणि तिला वजन जवळपास नसतं.

टिपा कुठे आहेत तेही बघा. भरण फक्त आतल्या अस्तराला शिवलेलं असलं तर उत्तम. टिपा बाहेरच्या कापडातून आरपार गेल्या असतील तर सुईच्या प्रत्येक भोकातून वारा शिरतो. कापडाला तोंड लावून जोरात फुंकर मारा आणि पलीकडे तळहात धरा. झुळूक लागली तर वाऱ्यात ती ऊब टिकणार नाही. पिसांचं भरण असेल तर फिल पॉवर, म्हणजे पिसं किती फुगतात याचा आकडा, वाचा: ५५० साधारण, ६५० चांगलं, ८०० उंची. पण पिसं भिजली की गोळा होतात. पॉलिएस्टर भिजूनही बरीच ऊब धरतं.

मग फटी. चेनवर वाऱ्याची पट्टी आहे का, ती टिचबटणांनी बंद होते का? बाहीच्या आत विणलेला कफ आहे का, कमरेला दोरी आहे का? फिशटेलची दुभंगलेली शेपटी शोभेची नाही. ती मांड्यांभोवती दोरीने बांधायची असते. मोकळी सोडली तर वारा खालूनच वर चढतो. एन-३बी ची चेन वरपर्यंत ओढली की टोपीचा बोगदा होतो आणि चेहऱ्यासमोरची हवा स्थिर राहते. फरच्या कडेत वाकवता येणारी तार असेल तरच तो आकार टिकतो. या टोपीची खोड अशी की मान वळते, टोपी वळत नाही. रस्ता ओलांडताना अख्खं अंग वळवावं लागतं.

माप आतल्या जाड स्वेटरसकट घ्या. दोन्ही हात पुढे करून स्वतःला मिठी मारा. पाठीत ताण बसला तर आतली हवा चेपली जाणार. फौजी माप मुळातच ढगळ असतं, त्यामुळे नेहमीपेक्षा एक माप लहान लागू शकतं. फॅशनच्या प्रतींना हा हिशेब लागू नाही.

जुना फौजी माल घेताना लेबल वाचा. ‘डीएसए १००-७२-सी’ किंवा ‘डीएलए १००-८२-सी’ (डीएसए आणि नंतरची डीएलए ही अमेरिकी फौजेची पुरवठा संस्था) यांतले मधले दोन अंक कंत्राटाचं वर्ष सांगतात. १९७४ नंतर साठा क्रमांक (फौजेच्या प्रत्येक वस्तूला दिलेला क्रमांक) १३ अंकी झाला, आधी ११ अंकी होता. नकली मालावरही हेच आकडे छापतात, म्हणून चेनचं वजन, टिचबटणांची पकड आणि कापडही तपासा. गोअर-टेक्सचा पार्का उलटा करून शिवणींवरच्या पट्ट्या नखाने हलकेच उचकटून बघा. सुटत असतील तर तिथून पाणी येणार. पॉलियुरेथेनचा लेप असलेलं जुनं कापड आतून चिकट लागलं किंवा आंबूस वास आला तर लेप विरघळतोय, आणि तो धुऊन सुधारत नाही.