टेक्स्ट की ट्रीव्ह्यू? टीकिंटरमध्ये फाइल दाखवताना

पायथॉनच्या टीकिंटरमध्ये, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीत, फाइल नुसती वाचायला दाखवायची असेल, तर टेक्स्ट विजेट (मजकुराची चौकट) पुरतं. फाइल उघडा, रीड करा, इन्सर्ट करा. दोन-तीन ओळींत काम संपलं. लॉग किंवा टिपणं असतील तर पुढे जायची गरजच नाही. फक्त विजेट आधी डिसेबल (बदल-बंद) करून मग इन्सर्ट केलंत, तर खिडकी कोरी राहते आणि एररही येत नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली आहे.

नाव, गाव, फोन असे रकाने असतील तर मात्र ट्रीव्ह्यूच, म्हणजे तक्ता दाखवणारं विजेट. ओळ निवडता येते, शीर्षकं दिसतात. पण क्लिकवर क्रम लावणं आयतं मिळत नाही, ते आपणच लिहायचं. फाइलमधले रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले असतील, तर ओळ स्वल्पविरामावर स्प्लिट करू नका. "शिवाजीनगर, पुणे" लगेच दोन रकान्यांत फुटतं. अशा फाइली वाचणारं पायथॉनचं सीएसव्ही मॉड्यूल वापरा.

खरा चकवा पुढे आहे. पडद्यावर 020 नीट दिसतो, पण ट्रीव्ह्यूच्या आयटममधून (ओळीतून) व्हॅल्यूज परत घेतल्या की हातात 20 येतो, कारण आकड्यांसारखा मजकूर तिथे इंटीजर (पूर्णांक) होतो. पिनकोड शून्याने सुरू होत नाही म्हणून वाचतो, एसटीडी कोड अडकतो.

टेक्स्ट असो वा ट्रीव्ह्यू, फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-8 स्पष्ट लिहा, नाहीतर विंडोजवर मराठीची खिचडी ठरलेली.