12 गेज पंप-ॲक्शन शॉटगन: काही महिन्यांच्या सरावानंतर खांद्याचा अभिप्राय

कॉलेजात एनसीसीत .22 रायफल चालवली होती, त्यामुळे इथे टेक्ससमध्ये शॉटगनच्या वर्गाला नाव घातलं तेव्हा बंदुकीची भीती अशी नव्हती. पण .22 चा धक्का म्हणजे असून नसल्यासारखा. 12 गेजने (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा लहान तितकी नळी मोठी) पहिल्याच दिवशी खांदा काळानिळा केला आणि ‘कशाला नसते उद्योग’ म्हणायला घरचे टपलेलेच होते. हिवाळा-उन्हाळा दोन्ही हिच्याबरोबर काढल्यावर माझं मत असं: ताकद हा मुद्दा फार नंतर येतो. आधी दस्त्याचं, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या भागाचं, माप बघा.

बंदूक साधीच आहे, पंप-ॲक्शन (प्रत्येक बारानंतर पुढची मूठ मागे-पुढे सरकवून नवं काडतूस आत घ्यायचं), 28 इंची नळी, वजन साडेतीन किलोच्या आसपास. कंपनी कोणती याला फारसा अर्थ नाही, कारण या प्रकारातल्या बहुतेक बंदुकांचा दस्ता चापापासून बटाच्या, म्हणजे खांद्यात बसणाऱ्या बाजूच्या, टोकापर्यंत साधारण 14 इंच असतो. उंच माणसाला ठीक. मी पाच फूट दोन इंच. इतका लांब दस्ता लावला की पुढचा हात पुरत नाही, कंबर मागे कलते, बट खांद्याच्या खळगीतून सरकून दंडावर येतो आणि गाल नीट टेकलेला नसल्याने दस्ता उसळून गालफडावर बसतो. त्यात दुकानदाराने मऊ रबरी पॅड गळ्यात मारला, वरून सरकवून बसवायचा. आधीच लांब दस्ता त्याने आणखी इंचभर लांब झाला! शेवटी 13 इंचांच्या आतला आखूड दस्ता बसवून घेतला, आणि निम्मी तक्रार तिथेच मिटली.

बायकांनो, पुरुष प्रशिक्षक हे सांगत नाहीत म्हणून सांगते: ब्राच्या पट्ट्यावरची ती छोटी कडी बटाखाली आली की बरोबर तिच्याच आकाराचा वळ उठतो. रेसरबॅक (पट्टे पाठीवर मध्ये जुळणारी) घाला.

काडतुसांकडे मी उशिरा लक्ष दिलं, तुम्ही आधी द्या. इथे हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायला सर्रास मिळतं ते सव्वा औंसाच्या जरा आतलं, म्हणजे 32 ग्रॅम छर्ऱ्यांचं. ऑलिंपिकमध्ये कमाल मर्यादाच 24 ग्रॅमची आहे. वेग तोच ठेवला तर छर्रे पाव भागाने कमी होतात, पण धक्क्याची ऊर्जा त्याहून जास्त घटते, कारण ती बंदूक मागे येण्याच्या वेगाच्या वर्गावर चालते. म्हणून खोक्यावर वजनाबरोबर वेगही वाचा. सेकंदाला 1145 फूट आणि 1300 फूट यांतला फरक खांद्याला लगेच कळतो. बकशॉट, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस, हवंच असेल तर कमी धक्क्याचं वेगळं मिळतं. तीन इंची मॅग्नम, म्हणजे लांब आणि जास्त जोराचं काडतूस, शिकाऊ माणसाच्या हातात देणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.

उभं राहण्याचं तंत्र सांगायला सोपं आहे. वजन पुढच्या पायावर, पुढचा गुडघा किंचित वाकलेला. पुढच्या हाताने बंदूक पुढे रेटायची, मागच्याने खांद्यात खेचायची, दोन्ही एकाच वेळी. धक्का तरीही येतो, पण अंगातून निघून जातो. सैल धरलेली बंदूक मात्र आधी वेग घेते आणि मग येऊन आदळते.

खांदा बरा झाल्यावरही दचकणं राहिलं, आणि ते जास्त चिवट. आमच्या प्रशिक्षकाने मला न सांगता खऱ्या काडतुसांत एक डमी, म्हणजे न उडणारं खोटं काडतूस, घातलं. चाप ओढला, नुसतं टक् झालं, आणि धक्का नसतानाही नळीचं तोंड वीतभर खाली गेलं, डोळे मिटलेले. म्हणजे स्फोटाच्या आधीच अंग बचावाला धावत होतं. यावर दोन गोष्टी लागू पडल्या. घरी, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, डमीवर रोज थोडा कोरडा सराव. आणि कानांत फोमचे बोळे घालून वर इअरमफ. आपण ज्याला धक्का म्हणतो त्यातला बराच भाग आवाजाचा असतो, हे दुहेरी बंदोबस्त केल्यावरच समजलं.

‘मग सरळ 20 गेज घे’ हा सल्ला मला ढिगाने मिळाला. चालवून पाहिली. काडतूस हलकं, पण बंदूकही हलकी, त्यामुळे फरक वाटतो तितका पडत नाही. वायूच्या दाबावर चालणारी सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) मात्र खरंच सौम्य आहे. तोच धक्का ती थोड्या जास्त वेळात पसरवते, त्यामुळे ठोसा बसण्याऐवजी ढकलल्यासारखं वाटतं. किंमत पंपापेक्षा बरीच जास्त आणि साफसफाईही जास्त. 25 तबकड्यांचा एखाद-दुसरा राउंड खेळणाऱ्याला पंप पुरे. मला आता दिवसाला चार राउंड खेळायचे असतात आणि शेवटच्या राउंडपर्यंत पंप मारणारा हात जड होतो, त्यामुळे पुढची खरेदी सेमी-ऑटोच, तीही आखूड दस्त्याची मिळाली तरच.