विस्थापन मोजायचंय: मायकेलसन इंटरफेरोमीटर की लेझर फीडबॅक?

दोन्हींत प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात आणि लक्ष्य अर्धी तरंगलांबी सरकलं की एक फ्रिंज, म्हणजे सिग्नलचा एक पूर्ण चढउतार. म्हणजे हीलियम-निऑन लेझरच्या 632.8 नॅनोमीटरला 316.4, तर 780 च्या लेझर डायोडला 390 नॅनोमीटर.

मायकेलसनला बीम स्प्लिटर (प्रकाश दोन वाटांत विभागणारी काच), संदर्भ आरसा, वेगळा डिटेक्टर आणि काटेकोर जुळवणी लागते. दिशा कळायला 90 अंश फेज-फरकाचे दोन सिग्नलही हवेत.

फीडबॅकमध्ये डायोड, भिंग आणि लक्ष्य, बस्स. परतलेला प्रकाश लेझरमध्येच मिसळतो आणि पॅकेजमधला फोटोडायोड तो बदल टिपतो. खरी मेख फीडबॅकच्या प्रमाणात आहे. हे प्रमाण दाखवणारा गुणांक सी 1 पेक्षा कमी असेल तर फ्रिंज जवळपास सममित, दिशा ओळखणं अवघड. 1 ते 4.6 मध्ये करवतीच्या दात्यांसारखा सिग्नल मिळतो. दात्याचा कल उलटला की दिशा बदलली. त्यापुढे फ्रिंज गायब होऊ लागतात आणि मोजणी चुकते. चकचकीत लक्ष्यावर हे हमखास होतं. मध्ये एनडी फिल्टर (प्रकाश मंद करणारी काच) घाला. खडबडीत पृष्ठभागावर उलटा त्रास: स्पेकलमुळे, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाच्या ठिपक्यांमुळे, सिग्नल मधूनच बुडतो.

फीडबॅकमध्ये फ्रिंज मोठ्या डीसीवर, म्हणजे सिग्नलच्या स्थिर पातळीवर, स्वार असते. फक्त बदलता भाग पुढे सोडणाऱ्या एसी कपलिंगने ती सुटते खरी, पण फार संथ हालचालही गाळली जाते.

कंपनं मोजायची असतील किंवा जागा अडचणीची असेल तर फीडबॅकच घ्यावा. तरंगलांबीची खात्री हवी तिथे मात्र स्थिर केलेल्या हीलियम-निऑनवरचा मायकेलसन. डायोडची तरंगलांबी तापमान व करंटबरोबर सरकते.