ओबी/ओबी, डीबी/डीबी आणि चरबीच्या फीडवरचे काळे उंदीर: सोलापूरच्या ॲनिमल हाऊसमधला वापरानंतरचा अनुभव

लठ्ठपणा आणि मधुमेहाच्या कामाला उंदीर घ्यायचे म्हटलं की फार्मसी कॉलेजांत तीन नावं पुढे येतात: ओबी/ओबी, डीबी/डीबी, आणि जादा चरबीचं फीड घालून लठ्ठ केलेला सी५७बीएल/६जे, म्हणजे साधा काळा उंदीर. पावसाळ्यापासून पुढचा उन्हाळा सरेपर्यंत तिन्ही इथे सोलापुरात सांभाळून झालेत. माल चांगला आहे. कॅटलॉगात लिहिलंय तसेच ते फुगतात, तशीच त्यांची साखर चढते. आकडे बिघडतात ते खोलीमुळे, फीडमुळे आणि रक्त काढायच्या वेळेमुळे, म्हणून खाली त्यावरच जास्त लिहिलं आहे.

एक गोष्ट आधी. थीसिसमध्ये या सगळ्यांना सरसकट ‘ट्रान्सजेनिक’ म्हणतात, ते चूक आहे. ओबीचा जनुकातला बदल १९४९ मध्ये अमेरिकेतल्या बार हार्बरच्या जॅक्सन लॅबोरेटरीत आपोआप झालेला सापडला, डीबीचा १९६६ मध्ये. ओबीमध्ये भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरकच तयार होत नाही (ते जनुक १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधलं). डीबीमध्ये लेप्टिन भरपूर असतं, पण ते ओळखणारा रिसेप्टर निकामी असतो. ट्रान्सजेनिक म्हणजे बाहेरून जनुक घातलेले उंदीर वेगळे. त्यांच्यासाठी १९८९ च्या नियमांप्रमाणे संस्थेच्या बायोसेफ्टी समितीकडेही जावं लागतं. प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी सगळ्यांनाच लागते.

डीबी/डीबी

मागवताना पार्श्वभूमी, म्हणजे बदल कोणत्या मूळ वाणात आहे, ते विचारून घ्या. बीकेएस या वाणाच्या पार्श्वभूमीवरचा डीबी खरा मधुमेही होतो. तोच बदल सी५७बीएल/६ वर असला की उंदीर लठ्ठ राहतो, पण स्वादुपिंड तग धरतं आणि साखर बेताचीच राहते. बीकेएसवाला तीन-चार आठवड्यांचा असतानाच गुबगुबीत दिसू लागतो, चार ते आठ आठवड्यांच्या दरम्यान साखर चढते, आणि पुढे बीटा पेशी (स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या) थकल्या की इन्सुलिन घसरतं, वजनही उतरू लागतं. दहा महिन्यांपुढे सहसा जगत नाही. औषधाच्या चाचणीला सहा ते बारा आठवड्यांचं वय बरं. त्यानंतर वजन कमी झालं तर ते औषधाने की आजार वाढल्याने, हे सांगता येत नाही.

सांभाळायला हा सगळ्यात कष्टाचा. साधा उंदीर दिवसाला ४ ते ६ मिली पाणी पितो, हा १५-२० मिलीच्या पुढे सहज जातो आणि तेवढंच मुततो. संध्याकाळी कोरडा ठेवलेला पिंजरा सकाळी बघा: बाटलीच्या बाजूचं कॉर्न कॉब (खाली अंथरलेला मक्याच्या कणसाचा भुसा) काळपट होऊन गोळे झालेलं, उंदराच्या पोटाखालचे केस ओले आणि चिकटलेले, झाकण उघडताच नाकात अमोनिया. आठवड्यातून दोनदा बेडिंग बदलायचा नेहमीचा शिरस्ता इथे चालत नाही. रोज, फार तर एक दिवसाआड बदलावं लागतं. एका पिंजऱ्यात दोन-तीनच ठेवा. जखम लवकर भरत नाही, त्यामुळे शेपटीचं टोक पुन्हा पुन्हा कापू नका. बारीक सुईने बाजूच्या शिरेवर टोचा. शनिवारी दुपारी बाटल्या भरून सोमवारी येऊ म्हणणाऱ्यांनी डीबी/डीबी घेऊच नये. नळी अडली किंवा बाटली गळली, तर पाण्याविना हा उंदीर फार वेळ काढत नाही.

साखर मोजताना ग्लुकोमीटर ‘एचआय’ (मापापलीकडे जास्त) दाखवतो. बहुतेक मीटरची मर्यादा ६०० मिग्रॅ/डेसिलिटर असते आणि डीबी/डीबी ती ओलांडतो. तक्त्यात तिथे ६०० लिहिणं ही सर्रास चालणारी पळवाट आहे. त्याने सरासरी खाली येते आणि गटांतला फरक पुसला जातो. अशा नमुन्याचं रक्त फ्लोराइडच्या नळीत घ्या, अर्ध्या तासाच्या आत प्लाझ्मा वेगळा करा, सलाईनने निम्मा पातळ करून जीओडी-पीओडी किटवर (साखर मोजायच्या एन्झाइम किटवर) लावा आणि आलेला आकडा दुप्पट करा. नळी तशीच टेबलावर राहिली तर लाल पेशी साखर खात राहतात. आणि केटामाइन-झायलाझिनची गुंगी देऊन काढलेल्या रक्तात साखर कधीही मोजू नका; झायलाझिन इन्सुलिनचा स्राव दाबतं, धडधाकट उंदरातही आकडा चढतो.

ओबी/ओबी

वागायला गरीब, उचलायला सोपा, ५०-६० ग्रॅमचा गोळा. यकृतात चरबी, इन्सुलिनला दाद न देणं, भूक, यासाठी उत्तम. ‘मधुमेह बरा केला’ दाखवायला मात्र धोक्याचा. सी५७बीएल/६ वरच्या ओबी/ओबीची साखर लहान वयात चढते आणि चौदा-सोळा आठवड्यांच्या सुमारास आपोआप उतरते, कारण बीटा पेशी वाढतात आणि इन्सुलिनचा पूर येतो. त्या वयात जांभळाच्या बियांचा अर्क द्या, मेथी द्या, नाहीतर नुसतं पाणी द्या, साखर उतरणारच. नुसतं द्रावण दिलेला, त्याच वयाचा ओबी/ओबी गट शेजारी नसेल तर त्या निकालाला काडीची किंमत नाही.

भुकेचंही तेच. कडू अर्क रोज नळीने पोटात गेला की उंदीर कमी खातो, आणि कमी खाल्लं की साखर कमी होते. म्हणून एक गट असा हवा की ज्याला औषध नाही, पण औषधाच्या गटाने काल जेवढं खाल्लं तेवढंच आज मोजून दिलंय. फीड रोज तोलायचा कंटाळा येतो, म्हणून हा गट बहुतेक प्रबंधांत सापडत नाही.

थंडी ओबी/ओबीला सोसत नाही. अंगात उष्णता तयार करायची यंत्रणा अधू असते. ४ अंशांत ठेवला तर काही तासांत दगावतो. एसी १८ वर लावून दार ओढून गेलात तर सकाळी उंदीर कोपऱ्यात गोळा होऊन थंडगार पडलेले दिसतात. घरट्यासाठी टिश्यू पेपर द्या आणि एसीचा झोत रॅकवर थेट येऊ देऊ नका.

खोली आणि सोलापूरची हवा

नियमावलीत १८ ते २९ अंश तापमान आणि ३० ते ७० टक्के आर्द्रता दिली आहे. इथे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असतात, वर हवा कोरडी. एकच एसी असेल आणि तो दुपारी बंद पडला, तर पत्र्याखालची किंवा वरच्या मजल्याची खोली तासाभरात हाताबाहेर जाते. दोन एसी आलटून-पालटून चालवा, दोन्ही जनरेटरच्या लाईनवर घ्या. डेझर्ट कूलर फक्त बाहेरच्या पॅसेजमध्ये. खोलीत लावला की बेडिंग दमट होतं आणि बुरशी धरते. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर रॅकच्या मधल्या कप्प्यावर, पिंजऱ्याच्या उंचीला ठेवा. भिंतीवरचा भिंतीचंच तापमान सांगतो.

सगळ्यात छुपा गोंधळ दिव्याच्या टायमरचा. बारा तास उजेड, बारा तास अंधार ठेवायला काट्याचा स्वस्त टायमर लावलेला असतो. वीज गेली की तो थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालू होतो. रोज अर्धा तास वीज गेली तर आठवड्याभरात उंदरांची सकाळ साडेतीन तास पुढे सरकते. उंदीर मुख्यतः अंधारात खातात. म्हणजे तुम्ही दुपारी दोनला घेतलेलं रक्त या आठवड्यात एका टप्प्यातलं आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच. नियंत्रण गटाची साखरही विनाकारण डोलायला लागली की आधी टायमर बघा. बॅटरी बॅकअपचा डिजिटल टायमर घेतला की हा प्रश्न संपतो, आणि सगळ्या खरेदीत स्वस्त वस्तू तीच.

जानेवारीत गड्डा यात्रेचं शोभेचं दारूकाम आणि एरवीच्या मिरवणुकांचे डीजे यांचा त्रास मोठ्या उंदरांना फारसा दिसत नाही, पण नुकत्याच व्यालेल्या माद्या पिल्लं खातात. संक्रांतीच्या आसपास पिल्लं होतील अशा जोड्या लावू नयेत.

चरबीच्या फीडवरचा काळा उंदीर

माणसाच्या लठ्ठपणाच्या सगळ्यात जवळचा हाच, आणि वेळखाऊही हाच. सहा आठवड्यांचे नर घ्या, ६० टक्के उष्मांक चरबीतून येणारं फीड बारा ते सोळा आठवडे द्या. बहुतेक नर ४० ग्रॅमच्या पुढे जातात. काही मात्र तेच फीड खाऊन सडपातळ राहतात, त्यामुळे जादा उंदीर धरूनच संख्या मागा आणि गट वजन बघून पाडा. माद्या फुगायला नाखूष. बाल्ब/सी हा वाणसुद्धा. आपल्याकडे सहज मिळणारा स्विस अल्बिनो एकसारख्या वंशाचा नसतो, आकडे फार विखुरतात. उपाशीपोटीची साखर ३०० होईल अशी अपेक्षा ठेवू नका. ती थोडीच वाढते, बिघाड दिसतो तो ग्लुकोज टॉलरन्समध्ये, म्हणजे ग्लुकोज दिल्यावर साखर किती लवकर उतरते त्यात.

नियंत्रण गटाला चाऊ, म्हणजे नेहमीचं साधं फीड, देणं ही जुनी खोड आहे. चाऊ धान्याचं, चरबीचं फीड केसिन (दुधातलं प्रथिन) आणि स्टार्चचं. फरक चरबीचा की तंतूंचा, कळायला मार्ग नाही. डी१२४९२ (६० टक्केवालं तयार फीड) वापरत असाल तर जोडीला कमी चरबीचं डी१२४५०जे घ्या, त्यात साखर तेवढीच असते. डी१२४५०बी मध्ये ३५ टक्के उष्मांक साखरेतून येतात, ऑर्डरमध्ये शेवटचं अक्षर तपासा.

घरी फीड करायचं असेल तर हिशोब मांडून करा. ६० ग्रॅम चाऊत ४० ग्रॅम वनस्पती तूप आणि खोबरेल कालवलं की उष्मांक वाढतात, पण २० टक्के प्रथिनांचं चाऊ १२ टक्क्यांवर येतं. उष्मांकांच्या मापाने प्रथिनं साधारण २५ टक्क्यांवरून ९ च्या खाली. हा उंदीर लठ्ठ आणि कुपोषित एकाच वेळी. केसिन आणि जीवनसत्त्व-खनिज मिश्रण त्या प्रमाणात वाढवा. शिवाय जुन्या पेपरांतलं वनस्पती तूप आज बाजारात नाही: जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के आहे. त्या पेपरांतलं प्रमाण जसंच्या तसं घेतलं तर तोच परिणाम येईलच असं नाही.

तयार फीड उणे २० अंशांत साठवा. उन्हाळ्यात पिंजऱ्यात ते लोण्यासारखं मऊ होतं, बेडिंगमध्ये मिसळतं, आणि किती खाल्लं याचं मोजमाप हुकतं. तीन-चार दिवसांनी बदला, खवट वास आला तर त्याआधीच.

रक्त, ग्लुकोज, इन्सुलिन

रात्रभर उपाशी ठेवू नका. सडपातळ उंदराचं तेवढ्यात पंधरा टक्क्यांपर्यंत वजन जातं. सकाळी आठला स्वच्छ पिंजऱ्यात हलवा (नुसतं फीड काढलं तर बेडिंगमधले तुकडे आणि लेंड्या खातात), पाणी ठेवा, दोनला मोजा. रक्ताचा पहिला थेंब पुसून टाका.

टॉलरन्स चाचणीत २० टक्के ग्लुकोज, ग्रॅममागे १० मायक्रोलिटर, पोटाच्या पोकळीत टोचून. ०, १५, ३०, ६०, ९०, १२० मिनिटं. अडचण लठ्ठांची: ६० ग्रॅमच्या उंदराला ३० ग्रॅमवाल्याच्या दुप्पट ग्लुकोज जातं, पण ते वापरणारे स्नायू दुप्पट नसतात. लठ्ठ गटाला किलोला १ ग्रॅम द्या किंवा सगळ्यांना सडपातळांच्या वजनाने ठरवलेला एकच डोस, आणि तसं प्रबंधात लिहा. डीबी/डीबीत ही चाचणी करण्यात अर्थ नाही, पंधराव्या मिनिटाला मीटर एचआय.

इन्सुलिनच्या टॉलरन्स चाचणीसाठी मेडिकलमधून ४० युनिटवाली साधी रेग्युलरची कुपी आणा. पाण्यासारखी स्वच्छ दिसणारी. ३०/७० चं मिश्रण गढूळ असतं, ते चालत नाही. १०० मायक्रोलिटर इन्सुलिन एकूण ४० मिली सलाईनमध्ये केलं की मिलीला ०.१ युनिट होतं. किलोला ०.७५ युनिटच्या हिशोबाने ३० ग्रॅमच्या उंदराला ०.२२५ मिली. ओबी/ओबीला किलोला २ युनिट लागतात; त्याच द्रावणाने ५० ग्रॅमच्या उंदराला पूर्ण १ मिली टोचावं लागेल, म्हणून त्याच्यासाठी १०० मायक्रोलिटर १६ मिलीत करून ०.४ मिली द्या. सलाईनमध्ये ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) नसेल तर एवढं पातळ इन्सुलिन नळीच्या भिंतीला चिकटतं आणि उंदराला कमीच पोहोचतं. २० टक्के ग्लुकोजची भरलेली सिरिंज हाताशी ठेवा, झटके आले तर लगेच द्यायला.

घरी पैदास करावी का?

ओबी/ओबी आणि डीबी/डीबी दोन्ही वांझ, त्यामुळे जनुकाची एकच प्रत बिघडलेल्या नर-मादीच्या जोड्या लावाव्या लागतात. पिल्लांत पाव हिस्सा कामाचा, त्यातले निम्मे नर. आठ-आठ नरांचे सहा गट हवेत तर ४८ नरांसाठी ३८४ पिल्लं, वेताला सहा धरली तर ६४ वेत, आणि उरलेल्या सव्वातीनशेंहून अधिक पिल्लांचं काय करणार, हे समितीला सांगावं लागणार. कॉलेजने या फंदात पडू नये, एकाच वयाचे विकत घ्यावेत. पैदास करायचीच असेल तर ओबीला डीडीई-वन (१५५ बेसचा डीएनए पट्टा बिघडलेल्या प्रतीत १०० आणि ५५ होतो) आणि डीबीला आरएसए-वन (१३५ चा १०८ आणि २७) या एन्झाइमांची पीसीआर तपासणी बसवा. डीबीच्या ‘मिस्टी’ जोडलेल्या वाणात केसांवरूनही कळतं: राखाडी तो निरोगी, काळा-सडपातळ तो वाहक, काळा-लठ्ठ तो डीबी/डीबी.

खरे ट्रान्सजेनिक, विशेषतः बीटा पेशीत क्रे (ठरवलेलं जनुक कापून काढणारं एन्झाइम) चालवणारे वाण, गरजेशिवाय घेऊ नका. रिप-क्रे वाणातला क्रे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्येही चालतो. मिप-क्रे-ईआर वाणात बसवलेला मानवी ग्रोथ हॉर्मोनचा तुकडा गरोदरपणात वाढाव्यात तशा बीटा पेशी वाढवतो. नुसता क्रे असलेला गट ठेवला नाही तर जनुक काढल्याचा म्हणून जो परिणाम छापाल तो क्रेचाच निघू शकतो.

ऑर्डर देताना पुरवठादाराला लेखी विचारा: काळ्या उंदराचा उपवाण ६जे की ६एन (६जे मध्ये एनएनटी जनुक तुटलेलं असल्याने इन्सुलिनचा स्राव मुळातच कमी असतो), जन्मतारखा, आरोग्य अहवाल, आणि नियंत्रण म्हणून त्याच वसाहतीतले सडपातळ भाऊ मिळतील का. प्रवास हैदराबाद किंवा पुण्याकडून असो, एसी गाडीने आणि रात्रीचा; पेटीत पाण्याऐवजी जेल. मार्च उलटल्यावर मागवूच नका. आल्यावर किमान आठवडाभर फक्त वजन करायचं. ते रोज वाढू लागल्याशिवाय पहिला डोस द्यायचा नाही.