कॅसिनोची पोकर रूम: डीलर एक नंबर, रेक मात्र बघून बसा

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू फक्त पोकर रूमचा आहे, अख्ख्या कॅसिनोचा नाही. बाकी सगळ्या टेबलांवर आपण कॅसिनोविरुद्ध खेळतो, पोकर रूममध्ये समोर बसलेल्या माणसांशी. कॅसिनो टेबल, पत्ते, डीलर देतो आणि पॉटमधून, म्हणजे डावात मधे जमलेल्या पैशांतून, आपला हिस्सा काढून घेतो, त्याला रेक म्हणतात. एका शून्याच्या रूलेटमध्ये ३७ घरं असतात आणि नंबर लागला तर ३५ पटच मिळतात, त्यामुळे लावलेल्या दर १०० मागे सरासरी २.७ कॅसिनोकडे जाणारच, तुम्ही कितीही डोकं लावा. पोकरमध्ये तुम्ही समोरच्यापेक्षा चांगलं खेळलात आणि रेक जाऊनही काही उरलं तर ते तुमचं. म्हणून माझ्या मते रूम चांगली की वाईट हे दोनच गोष्टींवर ठरतं, डीलर आणि रेक.

डीलर खरंच जबरदस्त होते. ज्यांनी कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो, टेक्सस होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, मग टेबलावर आधी तीन पानं उघडतात तो फ्लॉप, मग एक टर्न, मग एक रिव्हर, आणि या सातपैकी पाच पानांचा सगळ्यात भारी हात ज्याचा तो पॉट घेतो, प्रत्येक टप्प्यावर बेट लावता येते, आणि कोणी लावली तर तेवढेच टाकायचे (कॉल), वाढवायचे (रेज) नाहीतर पानं सोडून द्यायची (फोल्ड). आता फ्लॉप, टर्न, रिव्हर उघडण्याआधी डीलर दरवेळी वरचं एक पान न दाखवता बाजूला सारतो, त्याला बर्न म्हणतात. वरच्या पानाच्या पाठीवर कोणी खूण केली असेल किंवा ते चुकून कोणाला दिसलं असेल तर त्याचा फायदा मिळू नये म्हणून हे करतात. इथे एकाही डीलरने ते विसरलं नाही.

एक डाव तर बघण्यासारखा झाला. एकाने ४०० चिप्स घेऊन ऑल-इन केलं, म्हणजे जवळचं सगळंच लावलं, दुसऱ्याने १००० घेऊन, आणि तिसऱ्याने तेवढेच टाकून कॉल केलं. टेबलावर लगेच गलका, कोणाला किती मिळणार. डीलर बाईंनी शांतपणे तिघांचे चारशे-चारशे मधे ओढले, १२०० चा मेन पॉट, आणि उरलेले सहाशे-सहाशे वेगळे ठेवून १२०० चा साइड पॉट केला. साइड पॉटवर पहिल्या माणसाचा हक्कच नाही कारण त्याने तेवढे टाकलेच नव्हते. शेवटी आधी त्या दोघांची पानं उघडून साइड पॉट दिला, मग पहिल्याचे तीन नव्वे उघडले आणि मेन पॉट त्याच्याकडे सरकवला. हे सगळं मिनिटभरात, एक चिप इकडची तिकडे नाही.

नियमही कडक पाळतात आणि ते मला फार आवडलं. तोंडाने रेज न म्हणता एकच मोठी चिप पुढे टाकली तर तो कॉलच धरतात. एकदा चिप्स ठेवून परत हात मागे नेऊन आणखी ठेवल्या तर ती स्ट्रिंग बेट, मान्य नाही, कारण पहिल्या चिप्सवर समोरच्याचा चेहरा वाचून मग आकडा वाढवता येतो. नवीन माणसाला हे ओरडून नाही तर नीट समजावून सांगतात.

आता रेक. इथे ५ टक्के घेतात, वर कमाल मर्यादा आहे, आणि फ्लॉप पडायच्या आधीच डाव संपला तर काहीच घेत नाहीत, हे योग्यच आहे. पण कमी पैशांच्या छोट्या टेबलावर ही मर्यादा गाठलीच जात नाही, त्यामुळे जवळपास प्रत्येक पॉटमधून पूर्ण ५ टक्के जातात. हिशोब करून बघा, ५-१० ब्लाइंडचं टेबल (पानं वाटायच्या आधी दोघांनी सक्तीने टाकायच्या छोट्या-मोठ्या रकमा म्हणजे ब्लाइंड), तासाला ३० डाव, डावामागे सरासरी १० रेक धरला तर टेबलावरून तासाला ३०० गेले, नऊ जणांत प्रत्येकी ३३, म्हणजे तीन मोठ्या ब्लाइंडपेक्षा जास्त. तेवढं जिंकल्यावर तुम्ही कुठे बरोबरीत येता. फ्लॉपवर चार बदाम जमलेत, पाचवं आलं की फ्लश (पाचही पानं एकाच चिन्हाची) म्हणून वाट्टेल तो कॉल करणाऱ्यांनी तर जपून राहावं, पुढच्याच पानावर पाचवं बदाम यायची शक्यता ४७ पैकी ९, म्हणजे जेमतेम १९ टक्के, आणि रेक वजा झाला की गणित अजून तंग होतं. मोठ्या टेबलावर हाच रेक अजिबात टोचत नाही.

एक महत्त्वाचं. बाहेर फ्लोअरवर थ्री कार्ड पोकर असतं, नावात पोकर बघून लोक बसतात, पण तिथे तुम्ही कॅसिनोविरुद्ध खेळता. डीलरकडे किमान राणी नसेल तर त्याचा हात धरतच नाहीत, मग तुम्हाला फक्त अँटेचे (सुरुवातीला लावलेल्या बेटचे) पैसे मिळतात, प्ले बेट (पानं बघून पुढे खेळायला लावलेली) नुसती परत. भारी पानं आलेली असताना हे झालं की वाईट वाटतं. आणि तीन पानांत स्ट्रेट (ओळीने आलेली पानं) हा हात फ्लशच्या वरचढ, कारण स्ट्रेट ७२० प्रकारे बनतो आणि फ्लश १०९६ प्रकारे. ब्लफ मारायला समोर माणूसच नाही, त्यामुळे पोकर खेळायला आला असाल तर तिथे अजिबात थांबू नका, सरळ आत पोकर रूमला जा.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो वेटिंग लिस्टसाठी, काउंटरवर नाव लिहून घेतात पण तुमचा नंबर कितवा ते कुठेच दिसत नाही, दर वेळी उठून विचारावं लागतं. एक स्क्रीन लावा बस, पाचवा स्टार लगेच देतो.