बारा किल्ले, चोवीस पत्ते: घरी डिझाईन केलेला मेमरी गेम प्रेसमधून छापून घेतला त्याचा रिव्ह्यू

पुण्यात पेठेतल्या एका डिजिटल प्रिंटिंगवाल्याकडून घरातल्या पोरांसाठी स्वतः डिझाईन केलेला मेमरी गेम (पालथे पत्ते उघडून जोड्या लावायचा खेळ) छापून घेतला, त्याबद्दल लिहितेय, कारण दुकानात जायच्या आधी काय काय ठरवून जायचं हे कुणी सांगत नाही आणि या गेमचं काम नुसत्या "प्रिंट छान आलीये" वर भागत नाही.

आधी गेम सांगते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आपले मराठ्यांचे १२ किल्ले आले ना, तेच घेतले. बारा जोड्या म्हणजे २४ पत्ते, आणि १२ बाय १८ इंची एका शीटवर अडीच इंची चोवीस चौकोन आरामात बसतात, म्हणजे एका शीटमध्ये अख्खा गेम. पण दोन्ही पत्त्यांवर सेम फोटो नाही. एकावर किल्ला आणि जोडीच्या पत्त्यावर त्याची खूण. शिवनेरीला पाळणा, रायगडाला राज्याभिषेक १६७४, राजगडाला सुवेळा माचीचं नेढं (कड्यातलं आरपार भोक), लोहगडाला विंचूकाटा माची, पन्हाळ्याला सज्जा कोठी, साल्हेरला १६७२ ची लढाई, खांदेरीला वेताळाचं मंदिर, जिंजीला राजाराम महाराज. खूण अशीच हवी की ती एकाच किल्ल्याला लागेल. "बालेकिल्ला" किंवा "आरमार" असलं काही टाकलंत की तीन-तीन किल्ले हक्क सांगतात आणि डाव भांडणात जातो.

आणि खरी गंमत समुद्रातल्या आणि समुद्रकाठच्या किल्ल्यांची. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यातली कुठलीही जोडी लागली की "भरती आली" म्हणायचं आणि जोडी लावणाऱ्याने कुठलेही दोन पालथे पत्ते सगळ्यांसमोर एकमेकांच्या जागी सरकवायचे, न उघडता. बास, एवढंच. पण याने गेम एकदम बदलतो, कारण नुसती जागा पाठ करणारं पोरगं पुढे पळत नाही, सगळ्यांना शेवटपर्यंत नजर ठेवून बसावं लागतं, आणि आजी-आजोबांनासुद्धा जिंकायचा चान्स राहतो कारण खुणा त्यांना जास्त माहीत असतात. हा नियम मला फार आवडलाय.

आता छपाई. मेमरी गेममध्ये पुढच्या फोटोपेक्षा पाठ महत्त्वाची, हे प्रेसवाल्याला आधीच सांगा. पाठीवर पांढरी बॉर्डर अजिबात नको, कारण फ्रंट-बॅक छापताना मिलीमीटरभर तरी सरकतं, मग एका पत्त्याची डावी बॉर्डर जाड, दुसऱ्याची बारीक, आणि पोरं ते दहा मिनिटांत ओळखतात. मी काठापलीकडे जाणारं गडद निळं बारीक नक्षीकाम दिलं, तेही उलटं धरलं तरी सेम दिसेल असं. त्यामुळे सरकलेलं कळतच नाही. कागद ३०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) आर्ट कार्ड घ्या आणि लॅमिनेशन मॅट, दोन्ही बाजूंनी. काउंटरवरच्या मुलाने ग्लॉसी सुचवलं होतं, पण ट्यूबलाईटखाली ते चमकतं आणि बोटांचे ठसे दिसतात, म्हणजे परत पत्ता ओळखू येणार. एकाच बाजूला लॅमिनेशन केलं तर पत्ता वाकतो हे मात्र त्याने स्वतःहून सांगितलं, त्याचं कौतुक.

मराठी टेक्स्ट असेल तर फाँट कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करूनच, पीडीएफ न्या. त्यांच्या मशीनवर तुमचा फाँट नसतो आणि मग वेलांट्या-जोडाक्षरं कुठल्या कुठे जातात. माझी फाईल कर्व्ह केलेली असल्यामुळे "ज्ञ"पासून "र्ग"पर्यंत सगळं जागेवर आलं.

कटिंग गिलोटिनवर झालं, कडा एकदम स्वच्छ, चोवीसच्या चोवीस पत्ते ठोकून उभे केले की वीट. तक्रार एकच पण ती मोठी आहे: कोपरे गोल करायचं काम ते हातातल्या पंचने करतात, आणि तीन-चार पत्त्यांचे कोपरे इतरांपेक्षा जास्त कापले गेले. व्हिजिटिंग कार्डाला चालून जाईल, इथे नाही चालत, कारण पालथ्या पत्त्याचा कोपराच चुगली करतो. सांगितल्यावर वाद न घालता त्यांनी शीट नवीन छापून दिली आणि या वेळी कोपरे चौकोनीच ठेवले, तेच बरं. मॅट लॅमिनेशनमुळे कोपरे अजून तरी दुमडलेले नाहीत.

पैसे सगळं धरून दीडशेच्या आसपास गेले. घरच्या इंकजेटवर छापून पुठ्ठ्यावर चिकटवायचा पर्याय आहे, पण कडा उकलतात आणि घाम लागला की शाई पसरते, मी तरी नाही सुचवणार. डबी ते करून देत नाहीत, ती तुमची तुम्ही बघा. मी पाचपैकी चार देईन, एक कोपऱ्यांसाठी कापला. सकाळी पीडीएफ दिली तर संध्याकाळी पत्ते हातात मिळतात, फक्त लग्नसराईत जाऊ नका, तेव्हा पत्रिकांपुढे आपल्या एका शीटचा नंबर लागत नाही.