लॉ सीईटीचं सेकंडहँड गाईड: कुठली पानं वाचायची, कुठली फाडायची

तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीसाठी 'ऑल इन वन' गाईड नवं घ्यायचं तर खिशाला चटका बसतो, म्हणून टीवायची, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाची, मुलं पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनं शोधतात. घ्यायला हरकत नाही, पण कशासाठी घेतोय ते आधी ठरवा. पेपर 120 गुणांचा: इंग्रजी 40, सामान्य ज्ञान 32, लॉजिकल 24, लीगल 24. यातले इंग्रजी आणि लॉजिकलचे 64 गुण जुनं गाईड आरामात सांभाळतं. नातेसंबंध, दिशा, समानार्थी शब्द काही शिळे होत नाहीत. चालू घडामोडी मात्र सरळ रद्दीत.

खरी गोम लीगलमध्ये आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. दुकानात उभ्या उभ्याच कलम 302 शोधा. तिथे खुनाची शिक्षा दिसली तर मजकूर जुना. ती आता कलम 103 मध्ये आहे. नव्या संहितेतलं 302 धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे. फसवणुकीचं 420 गेलं 318 मध्ये. मुखपृष्ठावरच्या सालावर विसंबू नका, आतली कलमंच बघा.

पण म्हणून लीगलचा अख्खा विभाग फाडू नका. करार कायदा 1872 चाच आहे, अल्पवयीनाचा करार रद्दबातल ठरवणारा 1903 चा मोहोरी बीबी खटला तोच आहे. टॉर्ट (नुकसानभरपाई मागता येणारी दिवाणी चूक) आणि मूलभूत हक्कांची मूळ मांडणीही तीच. न्याय संहिता 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते. 358 कलमं घोकायची नाहीत. व्याख्या, 14 ते 44 मधले सर्वसाधारण अपवाद, खून, चोरी, फसवणूक एवढं नीट करा.

जुने सराव पेपर 150 प्रश्नांचे असतात, वेळ तेव्हाही दोन तासच. तसेच सोडवले तर प्रश्नाला 48 सेकंद मिळतात, परीक्षेत एक मिनिट. प्रत्येक विभागातला पाचवा हिस्सा गाळला की आजचा पेपर तयार: इंग्रजीचे 50 चे 40, लॉजिकलचे 30 चे 24. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे सरावातही एकही प्रश्न कोरा सोडू नका.

पेन्सिलच्या खुणा खोडता येतात. उत्तरांवर पेनाने गोल केलेले असतील तर सराव पेपर गेलेच म्हणायचे. शेवटची उत्तरसूचीची पानं जागेवर आहेत ना, तेही बघा. सगळं ठीक असलं तरी छापील किमतीच्या एक तृतीयांशावर एक रुपया देऊ नये.